फळीला पुन्हा पुन्हा पीळ येतोय: भारी रंधा मशीनचं मूळ दुखणं कुठे शोधायचं

लक्षण असं. घराच्या कामासाठी युरोपातून मागवलेलं ४१० मिमी रुंदीचं रंधा-थिकनेसर मशीन, म्हणजे फळी सपाट करणारं आणि सारख्या जाडीची काढणारं. मे महिन्यात बसवलं तेव्हा सागाची फळी एका-दोन हातांत सपाट निघायची. जुलै लागला आणि फळ्यांना पीळ यायला लागला. रंधलेली बाजू जाड काचेवर ठेवली की एक कोपरा टकटक वाजतो. दोन फळ्यांच्या कडा जोडायला घेतल्या की एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला फट. सर्व्हिसचा माणूस येतो, टेबलाचे स्क्रू फिरवतो, त्याच्यासमोर चार फळ्या चोख निघतात, तो कागदावर सही घेऊन जातो. काही आठवड्यांत पुन्हा तेच.

हे मशीन आहे सिंधुदुर्गात, कुडाळच्या बाजूला. जांभ्याचं, कौलारू घर चाललंय. दारं, खिडक्या, जिना, तुळया सगळं जागेवरच करायचं, म्हणून मालकांनी चांगलं मशीन घेतलं आणि प्लॉटच्या कडेला शेड टाकली. असं स्वतःच्या बांधकामासाठी महागडं मशीन घेणाऱ्यांना हा त्रास कारखानदारापेक्षा जास्त होतो, कारण कारखान्यात जमीन आधीपासून पक्की असते आणि इथे मशीन येईपर्यंत शेडमधलं काँक्रीटही धड वाळलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की एखादी सेटिंग पुन्हा पुन्हा हलत असेल तर दोष त्या सेटिंगमध्ये नाही. तिला कुणीतरी हलवतंय. ते कोण हे सापडेपर्यंत टेबलाच्या स्क्रूला कुणालाही हात लावू देऊ नका, सर्व्हिसवाल्यालाही नाही. तुमच्या लाखो रुपयांच्या मशीनची कारखान्यात केलेली सेटिंग हीच तुमच्याकडची सगळ्यात मौल्यवान गोष्ट आहे आणि एकदा ती गेली की परत आणायला फार कष्ट पडतात.

आधी ठरवा, लाकूड की मशीन

आमच्या सुतारकाकांचं एक वाक्य मी इथे तसंच देतो: "लाकूड रात्रभर ठेवा, मग मशीनला दोष द्या." याहून चांगली पहिली चाचणी नाही. एक फळी रंधा. लगेच काचेवर किंवा खात्रीच्या सपाट पृष्ठभागावर ठेवा आणि चारही कोपऱ्यांखाली फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पाती घालून बघा. आकडे पेन्सिलने फळीवरच लिहा. मग फळी दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यांवर पुन्हा मोजा. मशीनवरून उतरतानाच पीळ असेल तर मशीनकडे बघायचं. उतरताना सपाट आणि सकाळी वाकडी असेल तर मशीन निर्दोष आहे, लाकूड हललंय.

लाकूड हलण्याचं गणित समजून घ्या, कारण कोकणात ते फार मोठं आहे. हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातला ओलावा हळूहळू ९ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. ८० टक्के आर्द्रतेला तो १६ च्या घरात जातो, आणि ९० टक्क्यांना २० च्या जवळ. म्हणजे देशावर, पुण्या-साताऱ्याकडे उन्हाळ्यात सुकवलेला माल पावसाळ्यात इथल्या शेडमध्ये आला की तो पाणी प्यायला लागतो. साग यात सगळ्यात समजूतदार लाकूड आहे, तरी पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने तो साडेपाच टक्क्यांच्या आसपास आकसतो आणि वलयांना आडव्या दिशेने त्याच्या साधारण निम्मा. २०० मिमी रुंदीच्या फळीचा ओलावा ५ टक्क्यांनी बदलला तर ती पावणेदोन मिमीच्या आसपास रुंद किंवा अरुंद होते. दोन दिशांतला हा फरकच तिला बाक आणतो.

त्यामुळे सुईवाला मॉइश्चर मीटर घ्या. टोकाला मोजू नका, टोक नेहमी जास्त सुकं असतं. टोकापासून फूटभर आत मोजा, शक्य असेल तर एक तुकडा कापून ताज्या काटावर मोजा, आणि मीटरला लाकडाची जात निवडायची सोय असेल तर ती निवडा. पृष्ठभागावर १२ आणि गाभ्यात १८ असेल तर ती फळी रंधायच्या लायकीची नाही. वरचा सुका थर काढला की आतला ओला भाग उघडा पडतो आणि ती तुमच्या डोळ्यांदेखत वाकते.

भट्टीत घाईने सुकवलेल्या मालात आणखी एक खोड असते, आत ताण राहतो. अशी फळी उभी चिरली की दोन्ही भाग एकमेकांपासून फाकतात किंवा करवतीला आवळतात. हे दिसलं की तो ढीग बाजूला ठेवा. जाड मालाला आधी दोन्ही बाजूंनी सारखा, ढोबळ हात मारायचा, काही दिवस पट्ट्या घालून थप्पी लावून ठेवायचा, आणि मग शेवटचा हात मारायचा. वेळ जातो, पण दाराची फळी बसवल्यावर पिळण्यापेक्षा थप्पीत पिळलेली बरी.

आमच्याकडे या चाचणीने अर्धं उत्तर मिळालं. काही फळ्या खरोखरच ओल्या होत्या. पण मीटरवर १३ दाखवणारी, गाभ्यापर्यंत सारखी असलेली जुनी सागाची तुळईसुद्धा मशीनवरून उतरतानाच पिळलेली होती. म्हणजे मशीनमध्येही काहीतरी होतं.

पायाखाली वाकून बघा

असं मशीन ७००-८०० किलोचं असतं. एवढं अवजड धूड वाकणार कुठून, असं वाटतं. ओतीव लोखंड वाकतं. डोळ्याला दिसणार नाही इतकं कमी वाकतं, पण फळीला कळतं. चार पायांपैकी तीन टेकले आणि चौथा अधांतरी राहिला, किंवा चौथ्याखाली काहीतरी जास्त घुसवलं, की सांगाडा कोपऱ्यातून कोपऱ्यात पिळतो, आणि त्यावर बसलेली दोन टेबलं एकमेकांशी समांतर राहत नाहीत. पुढचं टेबल एका बाजूला किंचित झुकलेलं आणि मागचं सरळ, असं झालं की फळीला पीळ येणारच. रंधा मारणाऱ्याचा हात कितीही बसलेला असू दे.

तपासायला महागडं काही लागत नाही. मेन स्विच बंद करून कुलूप लावा. दोन सरळ, एकसारख्या उंचीच्या पट्ट्या घ्या, ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीच्या चालतील, पण त्या एकमेकींवर ठेवून, फिरवून, सरळ आहेत याची खात्री करा. फळी आत जाते त्या बाजूचं, म्हणजे आतलं टेबल, फळी बाहेर पडते त्या बाजूच्या, म्हणजे बाहेरच्या टेबलाच्या पातळीला आणा. एक पट्टी आतल्या टेबलाच्या टोकाला आडवी ठेवा, दुसरी बाहेरच्या टेबलाच्या टोकाला. मग खाली बसून एक डोळा मिटून पहिल्या पट्टीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे बघा. दोन्ही कडा एकमेकींत मिटल्या तर ठीक. एका बाजूला मागची पट्टी वर डोकावली तर टेबलांत पीळ आहे. पट्टी टेबलाच्या रुंदीच्या दुप्पट लांब असेल तर चूकही दुप्पट मोठी दिसते, म्हणून लांब पट्ट्या घ्या. आकडा हवा असेल तर मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी यंत्र-पाणसळ लागते. गवंड्याची पाणसळ इथे कामाची नाही.

आमच्याकडे पट्टी डोकावत होती. मग प्रत्येक पायाच्या नटला पाना लावून बघितला. तीन नट घट्ट, आणि मागच्या कोपऱ्यातला चौथा बाकीच्यांपेक्षाही जास्त ताठ. त्या पायाखाली बसवणाऱ्यांनी १२ मिमी प्लायवूडचा तुकडा सरकवलेला होता, जमीन तिथे थोडी खोल होती म्हणून. मशीन जॅकवर किंचित उचलून तो तुकडा बाहेर काढला तर कडेने थर सुटलेले, खालची बाजू काळपट आणि नखाने खरवडली की लगद्यासारखी निघणारी. मे महिन्यात कोरडा असताना तो बरोबर मापाचा होता. पावसाळ्यात जमिनीची ओल शोषून फुगला आणि त्याने तो कोपरा वर ढकलला. तिथे अर्धा मिमी म्हणजे काही नाही असं वाटेल, पण फळीच्या सांध्यात ०.१ मिमीची फटसुद्धा पॉलिशखाली काळी रेघ होऊन दिसते.

आणि याच कारणाने प्रत्येक दुरुस्ती थोडे दिवसच टिकली. सर्व्हिसवाला वाकड्या पायावर टेबलं सरळ करत होता. प्लाय आणखी फुगला की टेबलं पुन्हा वाकडी. दिवाळीनंतर तो सुकून बसला असता तर तीच टेबलं उलट दिशेने वाकडी झाली असती. मशीनमध्ये दोष नव्हता, आणि आपण मात्र दर खेपेला तिथेच दोष घालत होतो. हे मला मनापासून लागतं, कारण चांगलं मशीन असंच खराब होतं.

जमीन आणि पाया

कोकणात ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्याच्या चुऱ्याची भरणी करून वर चार इंच काँक्रीट ओतलेली शेडची जमीन दोन गोष्टी करते: खालून ओल वर चढवते, आणि भरणी नीट ठोकलेली नसेल तर पहिल्याच पावसात बसते. ओल तपासायला साधा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा आणि दिवसभर सोडा. दुसऱ्या दिवशी खालच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा काँक्रीट गडद दिसत असेल तर ओल येतेय. जमीन बसतेय का हे बघायला मशीनजवळच्या भेगांवर पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. भेग रुंदावली किंवा रेघ तुटून वरखाली झाली तर उत्तर मिळालं.

भरणी बसत असेल तर मलमपट्टी करू नका. मशीन हलवा, तेवढ्या भागाची जमीन फोडा, भरणी ओली करून ठोका, जाड प्लास्टिक अंथरा, आणि सळ्यांची जाळी घालून किमान सहा इंचांचा पट्टा ओता. मशीनच्या चारही बाजूंना हातभर जास्त ठेवा. पाणी मारा आणि २८ दिवस थांबा. घरमालकाला हे २८ दिवस सांगणं हे या सगळ्या दुरुस्तीतलं सगळ्यात अवघड काम आहे, पण सांगा.

जमीन पक्की असून फक्त वरखाली असेल तर प्रत्येक पायाखाली पोलादाची जाड पट्टी द्या, १० किंवा १२ मिमीची, पायापेक्षा मोठी. तिच्याखाली न आकसणारं ग्राउट (फटी भरायचं सिमेंटचं मिश्रण) भरा. प्लाय, एमडीएफ, रबराचा तुकडा, चपटा केलेला पत्रा यातलं काहीही चालणार नाही. मग क्रम पाळा. बोल्ट सैल ठेवून पाणसळीवर मशीन सरळ करा, चारही पायांवर वजन आलंय याची पान्याने खात्री करा, मग बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. आवळतानाच मशीन पिळणं ही नेहमीची गोष्ट आहे. हे झाल्यावर एक-दोन दिवस काहीच करू नका. सांगाडा सैल होऊन आपल्या जागी बसतो.

यानंतरच टेबलं

पाया सरळ झाल्यावर पुन्हा पट्ट्या ठेवून बघा. पीळ आपोआप गेलेला असेल, किंवा मधल्या काळात कुणी स्क्रू फिरवले असतील तर उलट दिशेने दिसेल. घाबरायचं कारण नाही. आता मात्र सर्व्हिसवाल्याला बोलवायची वेळ झाली.

तो यायच्या आत तुम्ही स्वतः एक चाचणी करून ठेवा. दोन फळ्यांच्या कडा रंधा, एकीवर एक उभ्या ठेवा आणि मागून उजेड घ्या. दोघींतली चूक एकत्र दिसते, म्हणून ही चाचणी एका फळीपेक्षा दुप्पट कडक आहे. मध्ये उजेड दिसला तर कडा पोकळ आहेत, म्हणजे दोन्ही टेबलांची पात्यांपासून लांबची टोकं खाली झुकलीत. टोकांना उजेड आणि मध्ये टेकत असेल तर टेबलांची टोकं वर आहेत. फळीची कड टेबलाच्या आकाराचा उलटा ठसा घेते, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. फक्त फळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत खड्डा पडत असेल तर टोकांशी संबंध नाही. बाहेरचं टेबल पात्याच्या सर्वोच्च बिंदूपेक्षा खाली आहे. ते फार वर असेल तर फळीचं तोंड टेबलाच्या ओठावर अडकतं किंवा फळी एका टोकाला निमुळती निघते.

इथे एक गोष्ट हाताने करायची आहे. पॉवर बंद, कुलूप लावलेलं, हातात जाड मोजा. बाहेरच्या टेबलावर एक सरळ लाकडी पट्टी ठेवा, तिचं टोक पात्यांच्या वर येऊ द्या, आणि टेबलाच्या कडेशी पट्टीवर रेघ मारा. कटरचा दंड, म्हणजे पाती बसवलेला फिरता दांडा, हाताने कामाच्या दिशेने फिरवा. पातं पट्टीला किंचित उचलून पुढे ओढतं. पुन्हा रेघ मारा. टेबलाच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या भागात हे करा. किती ओढलं यापेक्षा तिन्ही ठिकाणी सारखं ओढलं का हे महत्त्वाचं. दोन-तीन मिमी सरकणं साधारण ठीक. एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर दंड आणि टेबल समांतर नाहीत.

स्पायरल दंडाच्या मशीनवर लांब पात्यांऐवजी कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे असतात. त्यांच्या बाबतीत एकच गोष्ट घोकून ठेवा: तुकडा फिरवताना किंवा बदलताना त्याची बैठक आणि स्क्रूची खाच पूर्ण साफ झालीच पाहिजे. सागाचा भुसा तेलकट असतो, तो बैठकीवर चिकटतो, आणि त्यावर बसवलेला तुकडा बाकीच्यांपेक्षा केसभर वर राहतो. फळीवर एकच उभी रेघ सतत दिसते ती यामुळे. सागात वाळूसारखी सिलिका असते, म्हणून साध्या पोलादी पात्याची धार लवकर जाते. बोथट पातं लाकूड कापत नाही, दाबतं, आणि दाबलेलं लाकूड नंतर परत उठतं.

लांब माल असेल तर पुढेमागे रोलर स्टँड लावाच. टेबलाच्या एकूण लांबीच्या दीडपटीहून लांब तुळई एकट्या माणसाने नुसत्या हातांनी रंधली तर ती स्वतःच्या वजनाने उचलली जाते, आणि त्याचं खापर टेबलावर फुटतं.

विजेचा यात किती हात

थोडक्यात सांगतो, कारण बरेच जण इथेच अडकतात. वीज फळीला पीळ देत नाही. मशीनच्या पाटीवर ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतं आणि आपल्याकडच्या थ्री-फेजला ते चालतं. पण संध्याकाळी व्होल्टेज १० टक्क्यांनी पडलं की मोटरची ताकद १९ टक्क्यांनी घटते, फळी मध्येच अडखळते, जळल्यासारखे पट्टे पडतात, ओव्हरलोड ट्रिप होतो. तीन फेजमधल्या व्होल्टेजचा असमतोल ३.५ टक्के झाला तर मोटरची तापमानवाढ जवळजवळ २५ टक्क्यांनी वाढते. हे त्रास वेगळे ओळखा, पिळाशी जोडू नका. लाइनचं काम झाल्यावर फेज उलटे जोडले जातात तेव्हा मोटर उलटी फिरते, आणि रंध्याचा दंड उलटा फिरणं जिवावरचं आहे. पंपाला लावतो तसा प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) इथेही लावा, पण तो फेजचा क्रमही तपासणारा हवा. दुकानात तसं स्पष्ट विचारून घ्या.

सर्व्हिसवाला आला की

त्याच्यापुढे आकडे ठेवा. तक्रार "फळी वाकडी येते" अशी नको. "आतल्या टेबलाचं उजवं टोक ०.१५ ने खाली, पाया अमुक तारखेला पाणसळीवर, लाकूड १३ टक्के" अशी असू द्या. असं बोललं की माणूसही नीट काम करतो. "साहेब, आधी आणि नंतरची मापं कागदावर लिहून द्या" हे नम्रपणे पण ठामपणे सांगा, आणि तो जो स्क्रू फिरवेल त्यावर मार्करने खूण करा. नवं मशीन घेणार असाल तर ऑर्डरमध्येच लिहून घ्या की बसवल्यावर टेबलांची मापं लेखी मिळतील आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एक फेरी मोफत होईल. ही अट विक्रीआधी मान्य होते, नंतर होत नाही.

शेडमध्ये एक वही टांगा. त्यात टेबलांवरच्या ठरलेल्या चार जागांची मापं, तारीख, त्या दिवसाची आर्द्रता आणि मशीनला कुणी काय केलं एवढंच. ओतीव लोखंडावर खाऱ्या हवेत गंज चढतो, म्हणून टेबल रोज कोरड्या फडक्याने पुसून मेण लावा. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडावर उतरतो आणि मग पॉलिशला डोळे पडतात. खिडकीतून दुपारचं ऊन एका टेबलावर पडत असेल तर तेव्हा मापं घेऊ नका, सकाळी घ्या.

पाऊस गेल्यावर, जमीन सुकली की ऑक्टोबरच्या शेवटी त्याच चार जागा मोजा, आणि पुढच्या जुलैच्या मध्यावर पुन्हा. दोन्ही वेळचा फरक ०.०५ मिमीच्या आत असेल तर स्क्रूंना कुणालाही हात लावू देऊ नका. जास्त असेल तर पुन्हा पायांपासूनच सुरुवात करा.